अणुभट्टी भूकंपात बॉम्बसारखी फुटते का?

"भूकंप झाला की अणुभट्टीचा अणुबॉम्ब होतो" हा फॉरवर्ड आपल्या साताऱ्याकडं कायम फिरतो, आणि १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांच्या घरच्यांनी सोसलाय त्यांना भीती वाटणारच. पण बघा, बॉम्बच्या युरेनियममध्ये साधारण ९० टक्के युरेनियम-२३५ (युरेनियमचा सहज फुटणारा प्रकार) लागतं, विजेच्या बहुतेक भट्ट्यांत ते ०.७ ते ५ टक्केच असतं, म्हणून तसा अणुस्फोट होत नाही. फिजिक्सच्या कुठल्याही सरांना विचारून बघा.

खरा धोका वेगळाय. भट्टी बंद झाली तरी इंधन तापत राहतं, ते थंड ठेवावंच लागतं. जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात २०११ ला चालू भट्ट्या भूकंपात आपोआप बंद झाल्या, नंतर त्सुनामीत जनरेटर बुडाले, इंधन थंड ठेवणं थांबलं आणि घात झाला. त्यामुळं भट्टीची जागा तपासताना फॉल्ट (जमिनीतली भूकंपाची भेग) किती जवळ, पूर कुठवर चढतो, पाणी-वीज टिकेल का, हे प्रश्न आधी विचारायचे.