महागाई उतरली, मग नारळ का नाही उतरला?

'महागाई घटली' असा मथळा आला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणीतरी ठरलेला प्रश्न विचारणारच: कुठे घटली? चूक विचारणाऱ्याची नाही, मथळ्याची आहे.

भाव म्हणजे काय ते पिशवी घेऊन निघणाऱ्याला सांगायला नको. घोळ होतो तो महागाई दरापाशी. समजा, गेल्या मे महिन्यात 30 रुपयांचा नारळ यंदा मेमध्ये 45 ला गेला. नारळापुरता दर झाला 50 टक्के. पुढच्या मेमध्येही तो 45 लाच असला तर दर शून्य! कारण तुलना होते ती मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी. बारा महिने उलटले की जुनी उडी हिशेबातून गळते. गिऱ्हाईक मात्र 45च मोजतं. मथळ्यात 'महागाईचा वेग मंदावला' लिहा. एखादा शब्द जास्त लागतो, लागू दे.

गोव्याला स्वतःचं चलन नाही, म्हणून छोट्या देशाचं उदाहरण श्रीलंकेचं घेऊ. 2022 च्या मार्च ते मे दरम्यान तिथे डॉलर 200 वरून 360 रुपयांच्या आसपास गेला; इंधन, औषधं, दूध पावडर, आयातीचं सगळंच कडाडलं. एप्रिलमध्ये मध्यवर्ती बँकेने व्याजदर एका फटक्यात 7 टक्के-बिंदूंनी वाढवले. अशा देशात बँकेचं कर्ज घेणारे थोडे, त्यामुळे व्याजाचा चाप सावकाश बसतो; चलनाची घसरण थांबली तर आयातीतून परिणाम लवकर दिसतो. सप्टेंबर 2022 मध्ये कोलंबोचा महागाई दर जवळपास 70 टक्के होता, वर्षभराने 1.3. म्हणजे सरासरी पाहिली तर 100 ची खरेदी 170 ला गेली आणि मग 172 ला. एकूण खरेदी स्वस्त झालीच नाही, तरी धोरण यशस्वी.

रिझर्व्ह बँकेचं महागाई दराचं लक्ष्यही शून्य नाही, 4 टक्के आहे, दोन्हीकडे 2 ची सूट. भाव चढावेत, पण हळू, एवढंच. सगळेच भाव खाली ओढायचे तर धंदे बसतात, पगार आटतात आणि कर्जाचा हप्ता तेवढाच राहतो.

बांगड्याचं गणित निराळं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तो महागतो, ऑगस्टात ट्रॉलर समुद्रात गेले की उतरतो. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, वाढवून जाळ्यात मासळी येत नाही. पण बंदीत वाढवलेला थाळीचा दर बांगडा उतरल्यावरही तसाच राहिला, आणि त्यावर बोट ठेवून पगारवाढ मागितली जाऊ लागली, की मध्यवर्ती बँकेचं काम सुरू होतं.