चांदीचा मुलामा आणि मागून घेतलेली चांदी : कॅनडाच्या करारपदकांची पार्श्वभूमी

कॅनडातल्या आदिवासी प्रमुखांना जमिनीच्या करारावेळी सरकारने दिलेले एखादे पदक लिलावात आले, की जाणकार संग्राहक आधी ते उलटून पाहतो. मागे कोरलेला आकडा कराराचा असतो, आणि पदकाचे मोल मुळात त्या करारात आहे.

पदके देण्याची रीत जुनी. उत्तर अमेरिकेत फ्रेंच, स्पॅनिश, ब्रिटिश सगळेच आपापल्या राजाची छबी असलेली पदके प्रमुखांच्या गळ्यात घालत. १८१२ च्या युद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्यांसाठी तिसऱ्या जॉर्जची पदके काढली गेली; त्यांवर १८१४ हे साल आहे. देणाऱ्याच्या लेखी ती निष्ठेची खूण होती, घेणाऱ्याच्या लेखी मैत्रीची.

१८७१ पासून कॅनडा सरकार पश्चिमेकडची जमीन क्रमांक दिलेले करार करून घेऊ लागले. रेड रिव्हरच्या (आजच्या मॅनिटोबातल्या) सुरुवातीच्या करारात प्रमुखांना ‘चांदीची’ म्हणून जी पदके मिळाली, त्यांच्यावर चांदीचा नुसता मुलामा होता. ऑक्टोबर १८७३ मध्ये लेक ऑफ द वूड्सजवळ, नॉर्थ-वेस्ट अँगल येथे तिसऱ्या कराराची बोलणी चालली होती. तिथे ओजिब्वे प्रमुख मावेदोपेनेस यांनी त्यांतलेच एक पदक सर्वांसमोर धरले आणि चाकूच्या पाठीने त्यावर आघात केला. आवाज बद्द आला. असल्या हलक्या धातूवर राणीची छबी छातीशी बाळगायची आपल्याला लाज वाटेल, आम्हाला द्याल ती पदके चांदीचीच द्या, असे त्यांनी सुनावले. सरकारच्या वतीने बोलणी करणारे अलेक्झांडर मॉरिस यांच्याच १८८० सालच्या पुस्तकात हा प्रसंग नोंदलेला आहे. या पदकांच्या इतिहासात मला याहून मोलाची नोंद दुसरी वाटत नाही.

पुढची पदके चांदीची आली. ७६ मिलिमीटर व्यासाची ही पदके लंडनच्या वायन बंधूंनी घडवली. पुढे व्हिक्टोरिया राणी. मागे हस्तांदोलन करणारे प्रमुख आणि सरकारी अधिकारी, पलीकडे तंबू, जमिनीत रुतलेली कुऱ्हाड. ठशात ‘१८७’ एवढेच आकडे होते. सालाचा शेवटचा आकडा आणि कराराचा क्रमांक नंतर हाताने कोरत. त्या जागा कोऱ्या असतील, तर ते पदक कुणा प्रमुखापर्यंत पोहोचलेच नसावे.

तिसऱ्या करारात दरडोई वर्षाला ५ डॉलर ठरले होते. ते आजही ५ डॉलरच दिले जातात. त्यामुळे पदक ही त्या समाजांसाठी अजून चालू असलेल्या कराराची निशाणी आहे, आणि ते घराबाहेर कसे पडले हे विचारल्याशिवाय संग्राहकाने हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेत हा प्रश्न कायद्यापर्यंत गेला. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९२ मध्ये सेनेका या आदिवासी समाजाचे नेते रेड जॅकेट यांना दिलेले पदक बफेलोच्या संग्रहालयाने २०२१ मध्ये सेनेका राष्ट्राला परत केले. त्यासाठी आधार होता १९९० च्या कायद्याचा : संपूर्ण समाजाचा वारसा असलेली वस्तू विकण्याचा हक्क कोणा एका व्यक्तीला नसतो.