गाईड पथक, शालेय

माध्यमिक शाळेतील मुलींना सेवाकार्य, शिस्त आणि स्वावलंबन यांचे शिक्षण देण्यासाठी चालविले जाणारे पथक. भारतात अशी पथके ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ या संस्थेशी संलग्न असतात. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीस पथकात घेतले जाते. तिच्याहून लहान मुली बुलबुल, तर तरुण मुली रेंजर म्हणून ओळखल्या जातात. पथकाची प्रमुख ‘गाईड कॅप्टन’ ही बहुधा शाळेतीलच प्रशिक्षित शिक्षिका असते. सहा ते आठ मुलींच्या लहान गटाला फुलाचे नाव देण्याची पद्धत आहे.

गाईड चळवळीच्या उगमाविषयी दोन कथने प्रचलित आहेत. पहिल्यानुसार सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे भरलेल्या बालवीर (स्काउट) मेळाव्यात काही मुली स्काउटच्या वेषात अनपेक्षितपणे हजर झाल्या आणि त्यांचा आग्रह पाहून बालवीर चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी मुलींसाठी वेगळी योजना आखली. ही हकीकत बहुतेक पुस्तिकांत येते. मात्र त्या मुली किती होत्या, यासंबंधी निरनिराळे आकडे दिले जातात. दुसऱ्या मतानुसार १९०८ मध्ये बालवीर चळवळीचे मार्गदर्शक पुस्तक बाहेर पडताच अनेक मुलींनी आपापल्या गावी गट स्थापून, काहींनी तर आद्याक्षरांआड नाव लपवून, नोंदणी केली होती आणि मेळाव्याने केवळ ही वस्तुस्थिती उघड केली. उपलब्ध नोंदी पाहता हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. १९०९ च्या अखेरीस मुलींसाठीच्या योजनेचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि १९१० मध्ये बेडन-पॉवेल यांची बहीण ॲग्नेस यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र संघटना उभी राहिली. त्यामुळे १९१० हे चळवळीच्या जन्माचे नव्हे, तर मुली मुलांपासून वेगळ्या झाल्याचे वर्ष समजणे योग्य ठरेल. मुलींनी मुलांप्रमाणे रानावनात हिंडावे, ही कल्पना तत्कालीन इंग्लिश मध्यमवर्गाला रुचणारी नव्हती आणि रुग्णशुश्रूषा व गृहव्यवस्था या विषयांना आरंभी मिळालेले झुकते माप या दडपणाचा परिणाम असावा.

भारतातील पहिले पथक १९११ मध्ये जबलपूर येथे स्थापन झाले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते व त्यानंतरची काही पथके यूरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलींपुरती मर्यादित होती. भारतीय मुलींना प्रवेश साधारणतः १९१६ च्या सुमारास मिळू लागला. याच काळात ॲनी बेझंट यांनी मद्रासमध्ये भारतीय मुलांची वेगळी स्काउट संघटना काढली आणि पुढे मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांच्या पुढाकाराने अलाहाबादला सेवा समितीची स्काउट संघटना उभी राहिली. यात्रेकरूंची सेवा हा समितीच्या कामाचा गाभा होता आणि आजच्या भारतीय पथकांच्या सेवाकार्यावर इंग्लिश नमुन्यापेक्षा या परंपरेचा ठसा अधिक दिसतो. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्काउट संघटनांचे एकीकरण होऊन ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ ही संस्था बनली व १५ ऑगस्ट १९५१ रोजी अखिल भारतीय गर्ल गाईड्स असोसिएशन त्यात सामील झाली. अन्य अनेक देशांत मुलींची संघटना वेगळी राहिली असताना भारतात दोन्ही शाखा एका छत्राखाली आल्या.

गाईडने रोज निदान एक सत्कृत्य करावे, अशी अपेक्षा असते. शाळेचा परिसर व सार्वजनिक जागांची स्वच्छता, वृक्षारोपण, यात्रा-जत्रांत पाणी देणे, चुकलेल्या मुलांना त्यांच्या माणसांपर्यंत पोचविणे, आपत्तीच्या वेळी कपडे व धान्य गोळा करणे ही कामे सर्वत्र होतात. प्रथमोपचाराला विशेष महत्त्व आहे. गणवेशातील त्रिकोणी स्कार्फ शोभेचा नाही. हात मोडलेल्या व्यक्तीसाठी त्याचीच झोळी केली जाते. तिची टोके ‘रीफ’ गाठीने बांधावयाची असतात, कारण ही गाठ चपटी बसते, खांद्याला टोचत नाही, ओढ पडली तरी सहसा निसटत नाही आणि हवी तेव्हा चटकन सोडविता येते. पंजा कोपरापेक्षा किंचित वर राहील, हेही कटाक्षाने शिकविले जाते.

महाराष्ट्रातील शाळांत ‘खरी कमाई’ हा उपक्रम लोकप्रिय आहे. स्वतःच्या श्रमाने पैसे मिळवून ते पथकाच्या वा परोपकाराच्या कामी लावावेत, हा त्यामागील विचार असून ब्रिटनमधील स्काउटांच्या ‘बॉब-अ-जॉब’ सप्ताहाशी त्याचे साम्य आहे. तेथे मुले घरोघर लहानसहान कामे करून मोबदला घेत. येथे मात्र त्याला शाळेच्या पटांगणातील खाऊगल्लीचे रूप आले आहे. भेळ, वडापाव, ताक, लिंबू सरबत किंवा शेतावरची ताजी भाजी मुली स्वतः विकतात आणि सुट्या पैशांचा हिशेब वहीत उतरवितात. पदार्थ पुष्कळदा आईच्या हातचे असतात, त्यामुळे कमाई नेमकी कोणाची, हा प्रश्न उरतोच; तथापि भांडवल वजा जाता नफा किती, हे गणित मुलींना या निमित्ताने प्रत्यक्ष करावे लागते.

२२ फेब्रुवारी हा रॉबर्ट बेडन-पॉवेल व त्यांच्या पत्नी ओलेव्ह या दोघांचाही जन्मदिवस. १९२६ पासून तो जगभरच्या गाईड ‘चिंतन दिन’ म्हणून पाळतात. १९३२ मध्ये त्याला देणगीची जोड मिळाली. वाढदिवसाला भेटवस्तू द्यावी तशी प्रत्येक गाईडने एक पेनी द्यावी, असे सुचविले गेले. हा निधी १९२८ मध्ये स्थापन झालेल्या गाईडच्या जागतिक संघटनेकडे जातो. भारत तिचा संस्थापक सदस्य आहे. या संघटनेचे ‘संगम’ हे केंद्र पुणे येथे असून ऑक्टोबर १९६६ मध्ये ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. परदेशांतून तेथे येणाऱ्या गाईड पुण्यातील स्वयंसेवी संस्थांच्या कामात सहभागी होतात.