सॉफ्टशेल घेताना आधी फुंकर मारून बघा

सॉफ्टशेल, म्हणजे चढाई-ट्रेकिंगसाठीचं मऊ, ताणलं जाणारं जॅकेट, बघायला घेतलं की पहिला प्रश्न येतो, पावसात चालेल का? खरं तर आधी विचारायला हवं, यातून घाम किती बाहेर जाईल?

उभ्या चढाला पाठीवर ओझं असेल तर तासाला अर्ध्या लिटरहून अधिक घाम जाऊ शकतो. मग बिले द्यायला, म्हणजे चढणाऱ्या साथीदाराचा दोर सांभाळायला, अर्धा तास एका जागी उभं राहावं लागतं. कपड्यात मुरलेला घाम तेव्हा वाळू लागतो आणि प्रत्येक ग्रॅममागे अंगातली सुमारे 2.4 किलोजूल उष्णता ओढून नेतो. हुडहुडी भरते ती इथे.

काही सॉफ्टशेलच्या थरांत मेम्ब्रेन, म्हणजे एक पातळ पडदा, असतं. ते बहुधा वारा पूर्ण अडवतं. वाफ मात्र त्यातून हळूहळू झिरपते. मेम्ब्रेन नसलेल्या घट्ट विणीच्या कापडातून थोडी हवा खेळते आणि वाफेला सोबत घेऊन जाते. ओळखायला सोपं आहे: कापड तोंडाला घट्ट लावून फुंका. पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा लागली, तर बहुधा मेम्ब्रेन नाही. काही उत्पादक हवा जाण्याचं प्रमाण सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा जाते) या एककात देतात. शून्याजवळचं कापड उघड्या, वादळी कड्यावर आणि संथ चालीला बरं. सतत हालचाल असेल तर आमची पसंती 5 ते 15 च्या आसपासच्या कापडाला. 30 च्या पुढे वारा चांगलाच बोचतो.

खडकाला घासणार असेल तर नायलॉन घ्या, ते पॉलिएस्टरपेक्षा जास्त टिकतं. ताणासाठी थोडं इलास्टेन हवंच. आतून फ्लीसचं अस्तर ऊबदार वाटतं, पण ते वाळायला वेळ लावतं आणि उकडलं तरी वेगळं काढता येत नाही. ऊब आतल्या वेगळ्या कपड्यातून मिळवलेली चांगली.

जॅकेट नुसतं आरशासमोर घालून बघणं पुरेसं नाही. आत जे घालणार ते घाला, हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) बांधा, दोन्ही हात डोक्यावर ताणा. खालची कड हार्नेसमधून निसटली, तर प्रत्येक पकडीला पोट उघडं पडणार. खिसे हार्नेसच्या पट्ट्याच्या वर हवेत. हेल्मेटवरून हूड ओढून मान वर करा आणि दोन्हीकडे वळवा. हूड डोळ्यांवर येता कामा नये. झिप खालूनही उघडणारी असेल तर बिले लूपपर्यंत, म्हणजे हार्नेसच्या पुढच्या कडीपर्यंत, हात सहज जातो.

शिवणी बहुधा टेपने बंद केलेल्या नसतात, म्हणून मुसळधार पावसासाठी पातळ रेन जॅकेट पाठपिशवीत असू द्या. रिमझिम किंवा भुरभुरता बर्फ कापडावरचा जलरोधी लेप परतवतो. बाहीवर पाण्याचा थेंब टाका: मोत्यासारखा घरंगळला तर लेप शाबूत आहे. पसरून काळपट डाग पडला तर आधी जॅकेट धुवा, कारण मळ आणि साबणाचा अंशही थेंब पसरवतो. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. झिपा लावून, अशा कपड्यांसाठीच्या द्रावणाने धुवा, दोनदा खळबळा आणि लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर 20 मिनिटं फिरवा. उष्णतेने लेप पुन्हा कामाला लागतो. तरीही थेंब मुरला, तरच नवा लेप फवारा, आणि खांदे, हूड नि कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग नीट भिजवा.