पानांचा अर्क आणि चांदीचे नॅनोकण

सिल्व्हर नायट्रेट हा पाण्यात सहज विरघळणारा, रंगहीन क्षार. एक लिटर पाण्यात जेमतेम ०.१७ ग्रॅम टाकला की एक मिलिमोलर, म्हणजे अगदी सौम्य, द्रावण तयार होतं. त्यात कडुनिंबाच्या पानांचा उकळून गाळलेला अर्क घातला, की फिकट पिवळसर मिश्रण हळूहळू गडद होत तपकिरी होतं. हा रंग ना क्षाराचा, ना अर्काचा. तो चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. कण बनवायच्या या पद्धतीला ‘हरित’, म्हणजे पर्यावरणाला कमी त्रास देणारी, म्हटलं जातं. ते कितपत खरं?

नॅनोकण म्हणजे १ ते १०० नॅनोमीटरचे कण. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. चांदीच्या इतक्या लहान कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ठरावीक तरंगलांबीला एकदम हेलकावे खाऊ लागतात आणि तेवढा प्रकाश गिळतात. गोल कणांसाठी ही तरंगलांबी साधारण ४०० ते ४५० नॅनोमीटर, म्हणजे जांभळ्या-निळ्या टोकाची, म्हणून उरलेला प्रकाश पिवळा-तपकिरी दिसतो. सोन्याचे कण ५२०च्या आसपास प्रकाश शोषतात आणि लालभडक दिसतात. मायकेल फॅरडे या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८५७ साली वर्णन केलेलं सोन्याचं लाल द्रावण याच जातीचं. त्याने त्यासाठी फॉस्फरस वापरला होता.

असे कण बनवताना दोन गोष्टी साधाव्या लागतात. धातूच्या आयनाला (विद्युतभारित अणूला) इलेक्ट्रॉन देऊन त्याचं क्षपण करायचं, आणि तयार झालेले कण एकमेकांना चिकटून गठ्ठा होऊ द्यायचे नाहीत. प्रयोगशाळेत पहिल्या कामाला सोडियम बोरोहायड्राइड किंवा हायड्रॅझिन वापरतात, आणि हायड्रॅझिन तर चांगलंच विषारी. दुसऱ्या कामाला बहुधा वेगळं रसायन लागतं. वनस्पतीच्या अर्कात दोन्ही कामांची माणसं आधीच हजर असतात: पॉलिफिनॉल, फ्लॅव्होनॉइड आणि काही शर्करा इलेक्ट्रॉन देतात, तर प्रथिनं आणि इतर रेणू कणाभोवती वेष्टण घालतात. सगळं पाण्यात, फारशा उष्णतेविना.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००३-०४च्या सुमारास जिरेनियम आणि कडुनिंबाच्या पानांवर हे काम केलं. गवती चहाच्या अर्कातून तर त्यांना सोन्याचे चपटे, चक्क त्रिकोणी कण मिळाले. एका गवताने धातूला कोपरे द्यावेत, हे मला आजही नवलाचं वाटतं.

त्यानंतर लेखांचा पूर आला: हे पान, त्या झाडाची साल, अमुक फळाची साल. बहुतेकांत नवीन असते ती फक्त वनस्पती. खरा मुद्दा धातूचा आहे. चांदी आणि सोनं इलेक्ट्रॉन घ्यायला आतुर असतात, त्यामुळे पानातल्या सौम्य क्षपणकांचंही भागतं. लोखंडाचं तसं नाही. चहाच्या अर्कात लोहक्षार घातला की काळपट द्रव मिळतो, पण तो बऱ्याचदा धातुरूप लोखंड नसून लोह आणि पॉलिफिनॉल यांचं संयुग असतो. शाई अशीच बनत असे. झिंक ऑक्साइडचे कण बनवताना तर जस्ताचं क्षपण होतच नाही. अर्कातून मिळालेला साका (तळाशी बसलेला गाळ) पुष्कळदा भट्टीत काही शे अंशांवर भाजावा लागतो, आणि त्या भट्टीची वीज हिशेबात सहसा कोणी धरत नाही.

अर्क म्हणजे शुद्ध रसायन नव्हे, ही दुसरी अडचण. ऋतू, माती, पानाचं वय बदललं की त्यातले घटक बदलतात आणि कणांचा आकारही. अर्कात क्लोराइड जास्त असेल तर चांदीऐवजी पांढरा सिल्व्हर क्लोराइड खाली बसतो. सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) आणि तापमान काटेकोर ठेवलं तर आकार बराच आटोक्यात येतो, पण औषधासाठी लागणारा एकसारखेपणा मिळवणं कठीणच.

शिवाय सिल्व्हर नायट्रेट झाडावर लागत नाही. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवूनच ते मिळतं. कण वेगळे करायला सेंट्रिफ्यूज (वेगाने फिरवून कण खाली बसवणारं यंत्र) आणि भरपूर पाणी लागतं ते निराळंच. आणि चांदीचे आयन शेवाळ, जलजीव यांना घातक असतात. अर्काचं वेष्टण ते बाहेर पडण्याचा वेग कमी-जास्त करतं, थांबवत नाही.