ट्रामचे रूळ आणि गल्लीतली गाडी : पुण्यातल्या पार्किंगच्या वादाची पार्श्वभूमी

पुण्यात ट्राम आणायची म्हटली, तर रस्त्याकडेच्या गाड्यांचे काय करायचे, हा या वादाचा गाभा. मुंबईत १८७४ साली घोड्यांची आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम सुरू झाली, तेव्हा रस्त्याकडेला लावून ठेवायला मोटारी जवळपास नव्हत्याच. ती ट्राम ३१ मार्च १९६४ला थांबली. पुण्यात ट्राम कधी आलीच नाही. म्हणून इथे रुळांचा विषय निघाला की रहिवाशांना आठवते ती बीआरटी, म्हणजे बसला स्वतंत्र मार्गिका देणारी व्यवस्था.

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर ती सुरू झाली. मधल्या मार्गिका बसला गेल्या, सायकलमार्गावर दुचाक्या उभ्या राहू लागल्या आणि दुकानांपुढच्या गाड्या आतल्या गल्ल्यांत शिरल्या. मार्च २०२२ पासून धावणाऱ्या मेट्रोने त्यात भर घातली ती स्थानकाजवळच्या गल्लीत सकाळी लावून संध्याकाळी नेल्या जाणाऱ्या दुचाकीची.

मूळ दुखणे त्याहून जुने आहे. पेठांतले वाडे सायकलींच्या काळातले. त्यांच्या जागी इमारती आल्या, पण खालच्या पार्किंगमध्ये कुठे गोदाम, कुठे कार्यालय. मंडईपाशी आर्यन आणि मिनर्व्हा हे वाहनतळ आहेत. दहा मिनिटांच्या खरेदीला मात्र दारातच गाडी लावायची सवय. २०१८ मध्ये आरटीओच्या नोंदीतली वाहने ३६ लाखांवर, म्हणजे शहराच्या लोकसंख्येपुढे गेली. त्याच वर्षीच्या पार्किंग धोरणातले रात्रीच्या पार्किंगचे शुल्क विरोधामुळे वगळावे लागले.

ट्रामची अडचण वेगळ्या जातीची. वाकडी लावलेली मोटार वाटेत आली, तर बस वळसा घालून पुढे जाते. ट्रामला ते जमत नाही. एक टेम्पो रुळांच्या कक्षेत डोकावला की टोइंगची गाडी येईपर्यंत मागची सगळी ट्राम अडकते. पार्किंगचा पट्टा ठेवायचाच असेल, तर दार उघडायला पाऊण मीटर तरी मोकळे लागते.

आता २४ मीटरचा रस्ता घ्या. दुहेरी रूळ ७ मीटर, दोन पदपथ मिळून ५, उरले १२. दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरच्या दोन मार्गिका दिल्या की पार्किंगला काहीच उरत नाही, आणि थांब्याचा फलाट तर अजून धरलेलाच नाही. रस्त्याला समांतर लावलेल्या मोटारीला सुमारे ६ मीटर लांबी लागते, म्हणजे किलोमीटरला एका बाजूने जेमतेम १६६ गाड्या. फाटके, वळणे, बसथांबे वजा केले की त्याहून बऱ्याच कमी.

रस्त्यावर किती गाड्या मावतात याची पाहणी इथेच फसते. पी-१, पी-२च्या, म्हणजे सम-विषम तारखांनी बाजू बदलणाऱ्या पार्किंगच्या रस्त्यावर एका तारखेला एकच बाजू वापरात असते; दोन्ही बाजू मोजल्या की क्षमता कागदावर दुप्पट होते. सकाळी अकराला फक्त दुकानांची गर्दी दिसते. रहिवाशांच्या गाड्या पहाटे तीनला मोजाव्या लागतात, तेही नंबरप्लेट लिहून, म्हणजे महिनोन्‌महिने न हललेली भंगार गाडीही सापडते. गणपती आणि दिवाळीचे आठवडे टाळायचे. मोजणी मुख्य रस्त्यावर न थांबता दोन्ही अंगांच्या दोन-तीन गल्ल्यांपर्यंत न्यायची, कारण गाड्या तिकडेच सरकणार. ८५ टक्के जागा भरलेली गल्ली भरलीच असे धरावे. त्यापुढे जागा शोधत घिरट्या सुरू होतात.

माल उतरवायची जागा बहुतेक आराखड्यांत शेवटी आठवते. गल्लीच्या तोंडाशी टेम्पोसाठी १०-१२ मीटर आधीच राखले नाहीत, तर किराण्याची पोती रुळांवरच उतरतील.