गोधडीचा गोट : सरळ पट्टी की उरेब पट्टी?

गोधडीला गोट, म्हणजे कड झाकणारी दुमडलेली पट्टी, लावायचा म्हटलं की शिवणक्लास करून आलेली बाई उरेब पट्टी काढायला बसते. ब्लाउजच्या गळ्याला तीच लावतो, मग गोधडीलाही तीच, असा हिशेब. घरातल्या थोरल्यांच्या हाताखाली शिकलेली बाई मात्र जुन्या साडीची लांबच लांब पट्टी टर्रकन फाडते आणि कामाला लागते. दोघींच्या पट्ट्या घडी घालून, इस्त्री करून शेजारी ठेवल्या तर कुठली कुणाची, हे पटकन सांगता येणार नाही. गोधडीच्या कडेवर चढल्या की मात्र त्या अगदी वेगळ्या वागतात.

फरक सगळा धाग्याच्या दिशेचा आहे. कापडात ताण्याचे धागे लांबीत जातात आणि बाण्याचे आडवे. यांपैकी एका धाग्याला धरून कापली ती सरळ पट्टी. दोन्ही धाग्यांना ४५ अंशांत छेदून कापली ती उरेब. उरेब पट्टी ओढली की धागे जिथे एकमेकांवरून जातात तिथे कात्रीच्या पात्यांसारखे फिरतात. पट्टी लांब होते आणि लांब होताना अरुंदही होते. सरळ पट्टीत धागाच ओढीच्या रेषेत असल्यामुळे असं काही घडत नाही. तिच्यातही ताण्याला धरून, म्हणजे लांबीत काढलेली पट्टी जवळजवळ ताठ असते, तर पन्ह्यातून आडवी काढलेली किंचित लवते.

हातात आलेली पट्टी कोणती हे ओळखायचं तर दोन्ही टोकं धरून ओढा. किंवा उजेडात धरून बघा : धागे कडेला समांतर दिसले तर सरळ, तिरके दिसले तर उरेब. चौकड्याच्या कापडात बघायचीही गरज नाही, कारण उरेब पट्टीवर चौकडे टोकावर उभे राहतात. सुती कापडाची आणखी एक खूण आहे. सरळ पट्टी फाडून निघते, उरेब पट्टी कापावीच लागते.

एका खुणेवर मात्र भरवसा ठेवू नका, ती म्हणजे तिरका जोड. पट्टीला तिरका जोड दिसला की ‘ही उरेब’ असं बरेच जण म्हणतात. सरळ पट्ट्याही तिरक्याच जोडाव्यात. आडवा जोड दिला तर कापडाचे सगळे पदर एका जागी येतात आणि गोट दुमडल्यावर तिथे गाठ उठते, सुई जाता जात नाही. तिरक्या जोडात तीच जाडी दोन-तीन इंचांत पसरते.

उरेब काढायची रीत सोपी आहे. कापडाची आडवी कापलेली कड उचलून उभ्या किनारीवर आणून ठेवायची. मध्ये जी तिरकी घडी पडते ती उरेबची रेघ. ती बोटांनी दाबून मोडायची, खडूने आखायची आणि तिला समांतर पट्ट्या आखत जायच्या. ‘साधारण तिरकं’ चालत नाही. ४५ अंशांपासून पट्टी ढळली की ती गोधडीवर पीळ खाते, आणि हा पीळ इस्त्रीने जात नाही.

आता कापडाचा हिशेब. ६० बाय ९० इंचांची गोधडी धरू. चारी कडा मिळून ३०० इंच, कोपरे आणि शेवटचा जोड यांसाठी १५ जास्त, म्हणजे ३१५ इंच पट्टी लागेल. चार-पाच पदरांच्या गोधडीला दुहेरी गोट (पट्टी लांबीत दुमडून दोन पदरी केलेला) हवा असेल तर पट्टी ३ इंच रुंद घ्यावी. ३६ इंच पन्ह्याच्या कापडातून आडव्या १० पट्ट्या काढल्या तर ३० इंच कापड लागतं आणि ९ जोड येतात. उरेबसाठी ३४ इंचांचा चौकोन घ्यायचा, कर्णावर कापायचा, दोन्ही त्रिकोण सरळ बाजूंनी जोडायचे, एका पट्टीच्या रुंदीएवढ्या कडा सरकवून जोडून नळी करायची आणि ती गोल-गोल कापत जायची. काम होतं. उरेब पट्टी कापड खाते अशी ओरड असते, पण इथे फरक अवघा ४ इंचांचा आहे. कापड वाया जातं ते कोपऱ्यातून एकेक पट्टी काढत बसलं की, कारण मग उरलेले त्रिकोण कशाच्याच उपयोगाचे राहत नाहीत. उरेबचा खरा तोटा जोडांचा : दर तेवीसेक इंचांवर एक, म्हणजे गोधडीभर तेरा-चौदा.

आणि साडी? पुरी नऊ वार असलेल्या नऊवारीतून लांबीत पट्टी काढली तर ती ९ × ३६ = ३२४ इंच भरते. अख्ख्या गोधडीला एकच पट्टी, मध्ये एकही जोड नाही! पाचवारी असेल तर दोन पट्ट्या आणि एक जोड. शिवाय लांबीत म्हणजे ताण्याला धरून, म्हणजे सगळ्यांत ताठ. थोरल्या बायकांनी पट्टी लांबीतच फाडायची पद्धत ठेवली ती उगाच नाही. साडीचा काठच गोट म्हणून घेतला तर त्याची वीण अंगापेक्षा घट्ट असते, त्यामुळे टिकतोही. फक्त पायातला काठ घासून गेलेला असतो, तो टाळून वरचा घ्यावा.

लावायची पद्धत दोन्हींची एकच. आधी गोधडीच्या कडा सारख्या कापून घ्यायच्या, सगळे पदर कडेने कच्च्या धावदोऱ्याने बांधायचे. पट्टी लांबीत दुमडून तिच्या उघड्या कडा गोधडीच्या कडेला भिडवायच्या, ३/८ इंच माया (टिपेबाहेर राहणारं कापड) धरून टीप मारायची. सुरुवात बाजूच्या मध्यावरून करायची, कोपऱ्यावरून नाही. कोपरा मायेइतका लांब असताना टीप थांबवायची, पट्टी वर उलटून तिरकी घडी पाडायची, तिथूनच खाली आणून पुढच्या कडेला लावायची आणि टीप पुन्हा सुरू करायची. चारी बाजू झाल्या की गोट मागे वळवून हातशिलाई.

फरक पडतो तो टीप मारताना. सरळ पट्टी किंचित ताणून धरली तरी चालते, उलट ते बरंच. हातशिलाईने गोधडीची कड बहुधा थोडी सैलावलेली असते, ताठ पट्टी तिला जाग्यावर आणते. उरेब पट्टीला हात लावायचा तो नुसता दिशा देण्यापुरता. मशीनचा पाय वरचं कापड पुढे ढकलतो, आपणही नकळत ओढतो, पट्टी लांबते. पायाखालून सुटली की ती आक्रसते आणि कडेला चुण्या पडतात. अशी गोधडी अंथरली की तिचे कोपरे वर उचललेले दिसतात. उरेबवर इस्त्रीही फिरवायची नाही, दाबून उचलायची.

मग उरेब लावायची कशाला? गोलाईसाठी. बाळाच्या दुपट्याचे कोपरे गोल केले, की गोटाची बाहेरची कड लांब वाट चालते आणि आतली आखूड. एकाच पट्टीने एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला आखूड व्हायचं असतं, ते फक्त उरेबला जमतं. तिथे सरळ पट्टी लावली तर दर अर्ध्या इंचावर सुरकुती पडते आणि कितीही कच्चे टाके घातले तरी ती बसत नाही. झबल्याचा गळा, टोपऱ्याची कड, सगळं याच खात्यातलं. कडा करवतीसारख्या कापलेल्या किंवा नागमोडी असतील तरी उरेबच.

उरेबच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे, तो झिजेचा. गोटाच्या घडीवर सरळ पट्टीत एकच एक धागा कडेभर जातो. धुताना, ओढताना घासला जातो तोच, आणि तुटला की गोट लांबच लांब उसवल्यासारखा चिरतो. उरेब पट्टीत घडीवर शेकडो धागे तिरके येतात. एक गेला तर टाचणीएवढं भोक पडतं, पुढे पसरत नाही. हे खरं आहे, पण चौकोनी गोधडीसाठी केवळ एवढ्यावर उरेबचा घाट घालावा असं मला वाटत नाही. गोट दुहेरी असेल तर वरचा पदर गेला तरी खालचा असतो, आणि तोही गेला तर सरळ पट्टी बदलायला एक दुपार पुरते. चौकोनी कडेला सरळ, गोल कडेला उरेब, एवढं मी पाळते. चौकड्याचं कापड तिरकं शोभतं म्हणून उरेब लावणं ही हौस आहे, तिला माझी ना नाही.

गोट न लावताही कड बंद होते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात ती बाहेरच्या कडेपासून सुरू करून आत मध्याकडे. कडेचे तुकडे आत दुमडूनच पुढे जातात, त्यामुळे वेगळ्या पट्टीची गरजच उरत नाही. कोपऱ्यांवर मात्र कापडाच्या घड्यांची फुलं लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात.

पट्टी सरळ असो की उरेब, नवं सुती कापड आधी भिजवून, वाळवून मगच कापा. गोधडीतल्या साड्या वर्षानुवर्षं धुतलेल्या असतात, त्या आणखी आटत नाहीत. नवा गोट पहिल्याच धुण्यात आटतो आणि मेहनतीने सपाट बसवलेली कड गोळा होते. बाजारात तयार उरेब पट्टीची रिळं मिळतात, ती गोधडीसाठी घेऊ नका. ती बहुतेक अर्धा-पाऊण इंचाची आणि एकेरी असते. दुपट्याला ठीक, पण पाच पदरांची जाडी ओलांडून मागच्या बाजूला पोचतच नाही.